पहिले चाळीस किलोमीटर

मुंबईतल्या कुठल्याही सायकलवाल्याला विचारा, सह्याद्रीतली सगळ्यात अवघड चढण कोणती? कुणी बोरघाट म्हणेल, कुणी माळशेज, कुणी कसारा. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत एकदा चढून गेलेला असेल, तर तो बाकीच्यांना बोलूच देणार नाही. मी लालबागला राहतो आणि माझं उत्तर आहे, लालबाग ते पनवेल. अंतर चाळीसेक किलोमीटर, चढ म्हणाल तर दोन-चार उड्डाणपूल आणि वाशीची खाडी. आजवर मी सायकलवरून पडलोय तो इथेच, घाटात एकदाही नाही.

गेली पाच वर्षं मी आमच्या आठ-दहा जणांच्या ग्रुपसाठी रविवारच्या सहली आखतो. पोटापाण्याला सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे सहलीचीही शीट असते. एकूण अंतर, एकूण चढ, सूर्योदय किती वाजता, पाणी कुठे मिळेल, शेवटचा पंक्चरवाला कुठल्या गावात, परतीची लोकल कितीची. परवा ती शीट सहज वाचत होतो. पाच वर्षांत मी लिहून ठेवलेल्या सूचनांपैकी निम्म्याहून जास्त सूचना मुंबईतून बाहेर कसं पडायचं याच्याच आहेत. मानखुर्दला डावी लेन सोडू नका. खारघरच्या पुलावर चढू नका, खालून जा. कळंबोलीला पाच वाजायच्या आत पोचा, नंतर ट्रेलर सुरू होतात. डोंगराबद्दल जेमतेम दहा ओळी आहेत. डोंगराला सूचना लागत नाहीत, तो आहे तिथेच असतो आणि अंगावर येत नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. मुंबईहून सायकलनं डोंगरात जाणं अवघड आहे, कारण ते अवघड करून ठेवलंय. आणि आपण हौशी सायकलवाल्यांनी त्यावर जो उपाय काढलाय, सायकल मोटारीच्या टपावर बांधायची आणि कर्जतला जाऊन उतरवायची, त्यानं ते दरवर्षी आणखी अवघड होतंय. पहिला दोष सरकारचा, हे मान्य. दुसरा आपला आहे आणि त्याबद्दल आपण बोलत नाही.

आधी सरकारचं बघू. या शहरात गेल्या पंधरा-सतरा वर्षांत जे मोठे रस्ते झाले त्यांची यादी करा. वांद्रे-वरळी सागरी सेतू, २००९. पूर्व मुक्त मार्ग, २०१३. कोस्टल रोडचा पहिला टप्पा, मार्च २०२४. अटल सेतू, १२ जानेवारी २०२४. यांतल्या एकाही रस्त्यावर सायकल चालत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर ती पहिल्या दिवसापासून नाही. एखाद्या रस्त्यावर बंदी असेल तर त्याला कारण असेल, असं मी समजू शकतो. पण प्रत्येक नव्या रस्त्यावर बंदी असेल तर ते धोरण झालं, कुणी ते कागदावर लिहिलेलं असो वा नसो.

अटल सेतू मला जास्त लागतो, कारण तो माझ्या दाराशी आहे. त्याचं मुंबईकडचं टोक शिवडीला, माझ्या घरापासून सायकलनं दहा मिनिटांवर. पलीकडचं टोक चिर्ल्याला. लांबी सुमारे २२ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. चिर्ल्याहून कर्नाळ्याचा सुळका आणि पेणचा रस्ता फार लांब नाही. म्हणजे लालबाग-परळच्या माणसासाठी सह्याद्रीची पायरी पहिल्यांदाच तासाभराच्या सायकलीवर आली. मोटारीतून जाणारा २५० रुपये टोल भरून वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे पोचतो. मी मात्र शिवडीच्या खाडीकाठी उभा राहून फ्लेमिंगो बघायचे आणि मग उलटं फिरून सायनचा रस्ता धरायचा.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "अरे, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे ना ते." ताशी शंभरनं गाड्या धावतात तिथे सायकल नको, हे मलाही कळतं. पण बंदी घातल्यावर सायकलवाला नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या रस्त्यावर जातो. तो रस्ता कुठला? सायन-पनवेल महामार्ग. तिथे ट्रेलर, टँकर, पहाटे डोळ्यांवर झोप असलेले खासगी बसचे चालक, आणि सर्व्हिस रोड मध्येच सुरू होऊन मध्येच संपतो. सुरक्षेचं कारण सांगून तुम्ही मला कमी धोक्याच्या जागी पाठवलं असतंत, तर मी आभार मानले असते. तुम्ही मला फक्त तुमच्या नव्या रस्त्यावरून हटवलंत.

दुसरं उत्तर आकड्याचं. कितीसे लोक सायकल चालवतात? त्यांच्यासाठी कोट्यवधी का घालायचे? आमच्या धंद्यात याला एक ओळखीचा प्रकार आहे. ॲपमधलं एक बटण काढून टाकायचं आणि सहा महिन्यांनी रिपोर्ट दाखवायचा की हे फीचर कुणीच वापरत नाही. आकडा खरा असतो, निष्कर्ष खोटा. पहाटे पाचला सायन सर्कलला उभं राहून बघा. पाववाले, दूधवाले, वर्तमानपत्रवाले, रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन. सायकलवाले भरपूर आहेत. फक्त मोजणाऱ्याला ते सायकलवाले वाटत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नसतं.

शहर जेव्हा सायकलचा विचार करतं, तेव्हा कसा करतं तेही बघा. बीकेसीत ट्रॅक केला, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. पवई तलावाकाठी ट्रॅक करायला घेतला, तो मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवला, आणि तलावाच्या दृष्टीनं बरंच झालं. कल्पना काय, तर माणूस मोटारीतून येईल, सायकल काढेल, गोल फिरेल, पुन्हा मोटारीत बसेल. सायकलवरून माणूस कुठून तरी कुठे तरी *जातो*, हेच यांच्या डोक्यात येत नाही. लहान मुलाला बागेत घसरगुंडी द्यावी तसा ट्रॅक द्यायचा.

आता आपल्याकडे येतो, आणि सुरुवात माझ्यापासून करतो.

२०२२ च्या पावसाळ्यात एका उड्डाणपुलावर, पुलाचे दोन तुकडे जुळतात तिथल्या लोखंडी फटीत माझं पुढचं चाक गेलं. मी डावीकडे पडलो. मागचा ट्रक थांबला, माझ्या पायापासून हातभर अंतरावर. ड्रायव्हर खाली उतरला, मला उठवून कठड्याला टेकवून बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "भाईसाब, इधर मत आया करो." शिव्या नाहीत, काही नाही. कोपराला सात टाके पडले. आई दवाखान्यात काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं सायकल गॅलरीतून आत आणून माझ्या पलंगाशी ठेवली आणि म्हणाली, "इथेच ठेव. बघत बस तिच्याकडे."

त्यानंतर वर्षभर मी माझी सायकल मित्राच्या मोटारीच्या टपावर बांधून नेली. म्हणजे आता ज्याला नावं ठेवणार आहे ते मी स्वतः केलंय. सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. पाचला निघायचं, सातला कर्जत, गाडी सावलीत लावायची, कशेळेमार्गे खांडसपर्यंत जाऊन यायचं. समोर भीमाशंकरचा कडा, बाजूला पेठचा किल्ला, रस्ता रिकामा. साठेक किलोमीटर होतात. दुपारी वडा खाऊन एसीत बसून घरी.

पण त्या वर्षात ग्रुपचं काय झालं ते सांगतो. दहाचे सहा झालो. एका मोटारीवर तीन सायकली, दोन मोटारी, म्हणून सहा. भांडण झालं नाही, कुणी कुणाला नको म्हटलं नाही. शुक्रवारी ग्रुपवर मेसेज यायचा, "जागा फुल." गिरगावातल्या चाळीत राहणारा आमचा एक मित्र आहे. त्याची सायकल जुनी, सेकंडहँड घेतलेली, आणि घाटात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे. दोनदा त्याला जागा मिळाली नाही. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही. हळूहळू तो ग्रुपवर फक्त अंगठा दाखवायला उरला. मोटार आली की मोटार असलेले ठरवतात कोण येणार. हा टपावरच्या कॅरियरचा नियम आहे. त्यात वाईट माणूस कुणीच नसतो.

आणि दुसरी गोष्ट. आम्ही सहा जण रस्त्यावरून गेलो, म्हणजे आमची चिंताही रस्त्यावरून गेली. सायन-पनवेलचा सर्व्हिस रोड कुठे उखडलाय, कुठे दिवे बंद आहेत, याच्याशी आमचा संबंध उरला नाही. मी आधी खड्ड्यांचे फोटो काढून तक्रारी टाकायचो, त्याही बंद झाल्या. बोलायला तोंड असलेले, इंग्रजीतून मेल लिहू शकणारे, ट्विटरवर आरडाओरडा करू शकणारे सगळे सायकलवाले काचेच्या आत जाऊन बसले. खाली उरले पाववाले आणि वॉचमन. त्यांच्या तक्रारीला ॲप नाही.

सायकल हा स्टेटसचा मामला झालाय, हे मला आमच्या ऑफिसच्या गेटवर कळलं. गिरणीच्या जमिनीवर उभी राहिलेली काचेची इमारत, पोटात मोटारींसाठी मजल्यावर मजले. पहिल्या दिवशी साध्या टी-शर्टात सायकलवरून गेलो, तर सिक्युरिटीनं मागचं गेट दाखवलं, "डिलिव्हरी उधर से." पुढच्या आठवड्यात हेल्मेट आणि घट्ट जर्सी घालून गेलो, तर "गुड मॉर्निंग सर." सायकल तीच होती. आपण हौशी लोक ही महागडी जर्सी घालतो ती निम्मी वाऱ्यासाठी आणि निम्मी या गेटसाठी, असं मला तेव्हापासून वाटतं. 'आम्ही त्यांच्यातले नाही' हे दाखवायला. आणि मग रस्त्यावर हक्क मागायची वेळ येते तेव्हा आपण मूठभर निघतो, कारण 'त्यांना' आपणच वगळलेलं असतं.

गेल्या वर्षी जानेवारीत मी एकटा, मोटारीशिवाय निघालो. पहाटेच्या खोपोली लोकलमध्ये लगेजच्या डब्यात सायकल चढवली. खोपोलीहून जुन्या रस्त्यानं बोरघाट. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना घाटातून वाट दाखवणारा धनगर म्हणून लोक त्याला मानतात, जाणारा-येणारा नाणं टाकतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. मी रंकासारखा, दोनदा उतरून, पाचशे मीटर चढलो. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून पवना मावळात उतरलो.

तिथे एका टपरीवर चहा घेताना पांढऱ्या टोपीतले एक बाबा शेजारी येऊन बसले. सायकलकडे बराच वेळ बघून म्हणाले, "कुठनं आलात?"

"लालबागहून."

"लालबाग? भारतमाताच्या हितलं का चिंचपोकळीकडलं?"

ते तीस वर्षं मुंबईत डबे पोचवत होते. परळ, लालबाग, काळाचौकी, सगळ्या गल्ल्या पाठ. आमच्या चाळीच्या जिन्याचा कठडा कुठल्या मजल्यावर तुटलेला होता हेही त्यांना आठवत होतं. मुंबईचे डबेवाले बहुतेक याच भागातले, मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर. १८९० पासून हे चाललंय. म्हणजे डोंगरातली माणसं पोटासाठी मुंबईत सायकल चालवतात, आणि मुंबईतली आम्ही हौसेसाठी त्यांच्या डोंगरात. हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. पाच वर्षं मी त्यांच्या गावांवरून जात होतो, घड्याळात सरासरी वेग बघत.

मी त्यांना लोकलमध्ये सायकल चढवताना काय काय झालं ते सांगितलं. कुठल्या खिडकीवर लगेजचं तिकीट मिळतं हे कुणालाच नीट माहीत नाही. एका स्टेशनवर खिडकीतला माणूस म्हणाला, पार्सलकडे जा. पार्सलची खिडकी बंद. डब्यातल्या एका मावशींनी टोपली सरकवून जागा केली म्हणून जमलं. बाबा हसले. म्हणाले, "गाडीत सायकल घालायचीच कशाला? आम्ही कधी घातली का? एक हिकडल्या टेसनाला, एक तिकडल्या. डबा गाडीत जातो, सायकल जागेवर."

मी चहा हातात धरून गप्प बसलो. रोज मोठमोठ्या सिस्टिमचे आराखडे काढणारा माणूस मी. आणि हे उत्तर दादर स्टेशनबाहेर रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर रांगेत उभं होतं.

म्हणून माझ्या मागण्या सायकल ट्रॅकच्या नाहीत. मागण्या लोकलच्या आहेत. आपल्याकडे जे आहे ते जगात फार थोड्या शहरांकडे असेल. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, १८६५ मध्ये थळघाट. त्या जुन्या मार्गांवर आज आपली लोकल एका बाजूला खोपोलीपर्यंत जाते, दुसऱ्या बाजूला कसाऱ्यापर्यंत. दोन्ही घाटांच्या अगदी पायथ्याशी! सायकलवाल्यासाठी मुद्दाम आखली असती तरी यापेक्षा चांगली आखता आली नसती. पहिले चाळीस किलोमीटर ज्यांनी गिळायचे ती लोकल रोज पहाटे परळवरून जाते. फक्त तिच्या दारात आपल्याला कुणी विचारत नाही.

पहिली मागणी. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातच्या आत सुटणाऱ्या कर्जत, खोपोली, कसारा गाड्यांत लगेजच्या डब्यात सायकलला परवानगी, ठरलेल्या दरात, आणि तिकीट फोनवर. डबेवाल्यांना रविवारी सुट्टी असते, भाजी-मासळीवाल्यांची गर्दीही तेवढी नसते. त्या गर्दीला धक्का लावून मला सायकल न्यायची नाही, हेही स्पष्ट असू दे. हे अशक्य नाही. मुंबईतच मेट्रो २अ आणि ७ वर २०२२ पासून सायकल नेता येते, नागपूरच्या मेट्रोतही नेता येते. जपानमध्ये चाकं काढून सायकल पिशवीत घातली की ती साधं सामान ठरते, आणि लोक तशी ती डोंगरापर्यंत नेतात. आमच्या ग्रुपमधल्या एकीनं ताडपत्रीवाल्याकडून तशी पिशवी शिवून घेतलीय.

दुसरी मागणी बाबांची. कर्जत, खोपोली, कसारा स्टेशनबाहेर भाड्याच्या सायकली. गिअरच्या, घाट चढतील अशा, आणि चालवायला तिथलीच पोरं. रविवारी आम्ही तिथे जातो आणि मागे ठेवतो काय? चहाचे दहा रुपये आणि एनर्जी जेलची रिकामी पाकिटं. दुरुस्तीचं दुकान, भाडं, वाट दाखवणं, जेवण यातून गावात दोन पैसे राहतील. टपावर सायकल बांधून येणारा पाण्याची बाटलीही दादरहून घेऊन येतो.

तिसरी मागणी अटल सेतूची. मला तिथे शंभरच्या वेगात घुसायचं नाही. पण त्यावरून शिवनेरी बस जाते. शिवडीहून चिर्ल्यापर्यंत सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन बस सोडा, मागे सायकली अडकवायला रॅक लावा, तिकीट घ्या. पुलासाठी हजारो कोटी सापडले, तर चार रॅकही सापडतील.

कुणी म्हणेल, देशात एवढे प्रश्न असताना हे काय चार हौशी पोरांच्या रविवारचं रडगाणं. मला उलट वाटतं. शहरातल्या माणसाला आठवड्यातून एक दिवस, मोटार नसताना, दोनेकशे रुपयांत डोंगर बघता येतो की नाही, हा साधा प्रश्न नाही. माझे आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांचा पगार थांबला तो थांबलाच. तरी ते बाबांना घेऊन लोकलनं कर्जतला जायचे, उल्हास नदीत पोहायला. बाबा अजून सांगतात. तिकिटाशिवाय खर्च नव्हता, भाकरी घरून. आज मी त्यांच्या कितीतरी पट कमावतो आणि तोच रविवार मिळवायला मला मोटारवाला मित्र लागतो. मग प्रगती कुणाची झाली?

शेवटी तुम्हाला. सायकल घेऊन बाहेर पडायचं मनात असेल तर सहल घराच्या दारापासून आखा, गाडी लावलेल्या जागेपासून नको. सायन-पनवेलवर जा असं मी म्हणणार नाही, माझ्या कोपराला विचारा. पण पर्याय आहेत. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोत सायकल जाते. तासाभरात तुम्ही रायगड जिल्ह्यात असता, एकही ट्रेलर न बघता. पुढे अलिबाग, कार्ले खिंड, हवं तर रेवदंडा-काशीद. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, ते लक्षात ठेवून आखा. आणि लोकलनं जाणार असाल, तर लगेजचं तिकीट मागा. नाही मिळालं तरी मागा. खिडकीतला माणूस वैतागेल. त्याला महिन्यातून एक जण विचारतो म्हणून त्याला माहीत नसतं. दर रविवारी वीस जणांनी विचारलं तर त्याला वरच्या साहेबाला विचारावं लागेल.

मी ग्रुपचा नियम बदललाय. महिन्यातून एक सहल अशीच, जिथे मोटार चालणार नाही. गेल्या वेळी आठ जण आले. गिरगावचा मित्र आला. बोरघाटात तो शिंग्रोबापाशी अर्धा तास आमची वाट बघत बसला होता आणि वर पोचल्यावर प्रत्येकाला वेळ सांगत होता.

आईनं सायकल परत गॅलरीत ठेवू दिलीय. अट एकच, पनवेलपर्यंत गाडीनं. ती गाडी म्हणते तेव्हा तिला लोकलच म्हणायची असते. लालबागमध्ये गाडी म्हणजे लोकलच.